अपडेट मारल्यापासनं

आमच्या धंद्याला हंगाम असतात. जून-जुलैत पाण्यात भिजलेले फोन येतात, लग्नसराईत काचा फुटलेले. आणि एखाद्या कंपनीनं मोठा अपडेट सोडला, की पुढचा आठवडाभर काउंटरवर एकच तक्रार वेगवेगळ्या तोंडून ऐकू येते : “अपडेट मारल्यापासनं हँग व्हायलाय बघा. कालपातूर काय नव्हतं.”

सांगलीत माझं मोबाइल दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. फोल्डर म्हणजे डिस्प्ले बदलणं, चार्जिंग जॅक टाकणं, बोर्डावरची शॉर्ट झालेली आयसी शोधणं, या कामांत गिऱ्हाइकाला समोर काहीतरी घडताना दिसतं. हीट गन चालू असते, स्क्रू ट्रेमध्ये पडतात, काढलेला भाग हातात देता येतो. पैसे मोजताना मग कुणी फारसं कुरकुरत नाही. स्लो फोनचं तसं नाही. त्यात उघडायचं थोडं आणि विचारायचं जास्त. माझा पहिला प्रश्न असतो, “अपडेट कधी केला?” उत्तर “काल रात्री” असं आलं, तर सल्ला ठरलेला : आज रात्री वायफाय चालू ठेवून चार्जिंगला लावा, मध्ये हात लावू नका, दोन-तीन दिवसांत फरक पडला नाही तर या. माणसाचा चेहरा उतरतो. एवढ्या लांबनं आलो आणि हा नुसता चार्जिंगला लाव म्हणतोय!

पण बहुतेक वेळा तोच खरा उपाय असतो. अँड्रॉइडची आवृत्ती बदलली, की प्रत्येक ॲप झटकन चालावं म्हणून फोननं आधी करून ठेवलेली तयारी कुचकामी ठरते. ती नव्यानं करावी लागते. आयफोनमध्ये शोधाची सूची पुन्हा बांधली जाते, फोटो पुन्हा तपासले जातात. हे चालू असताना फोन तापतो, बॅटरी भराभर उतरते, बोट लावलं तरी स्क्रीन उशिरा हलते. २०१४ साली अँड्रॉइड ५ आला तेव्हा हे काम उघड्यावर व्हायचं. अपडेटनंतर फोन चालू होतानाच स्क्रीनवर आकडे सरकायचे, इतक्यांपैकी इतकी ॲप्स झाली म्हणून. लोक तेवढ्यात चहा पिऊन यायचे. २०१६ च्या अँड्रॉइड ७ पासून ही पद्धत बदलली. फोन लगेच चालू होतो आणि उरलेली तयारी तो चार्जिंगवर निवांत पडलेला असताना थोडी थोडी उरकतो. सोय झाली, पण काम दिसेनासं झालं. आता फोन राबत असतो आणि माणसाला वाटतं, बिघडला.

दोन आठवडे झाले तरी तीच रड आहे, असं कुणी म्हणालं की मी स्टूल पुढं सरकवतो. आधी स्टोरेज बघायचं. बत्तीस जीबीच्या फोनमध्ये जेमतेम पाव-अर्धा जीबी शिल्लक, हे चित्र रोजचं. फोनच्या मेमरीत लिहिलेल्या जागेवर थेट दुसरं लिहिता येत नाही. आधी तिच्या एका अख्ख्या भागातलं कामाचं तेवढं उचलून दुसरीकडं ठेवावं लागतं आणि मग तो भाग पुसावा लागतो. रिकामी जागा मुबलक असली की ही उचलाउचल जाणवत नाही. जागा संपत आली, की साधा फोटो साठवतानाही ती आडवी येते. पुसलेल्या फायलींची खबर मेमरीला देणारी सोय अँड्रॉइडमध्ये २०१३ च्या ४.३ आवृत्तीपासून आहे, पण तीही फोन स्वस्थ असतानाच चालते. त्यात नव्या आवृत्तीनं स्वतःचा पसारा वाढवलेला असतो.

हळदीच्या सौद्यातले एक अडत्ये असाच फोन घेऊन आले होते. “एकबी फोटो उडवायचा न्हाई,” ही त्यांची पहिली अट. फोटोंत शेतकऱ्यांच्या हिशोबाच्या पट्ट्या होत्या, म्हणजे सगळी उधार-उसनवारी. मी फोन त्यांच्याकडंच वळवला आणि व्हॉट्सॲपमधलं ‘मॅनेज स्टोरेज’ उघडून दिलं. पुष्कळदा फॉरवर्ड झालेलं आणि पाच एमबीपेक्षा मोठं, असं तिथं वेगळं काढलेलं असतं. सुप्रभातची फुलं, देवदेवतांचे व्हिडिओ, पुढाऱ्यांचे वाढदिवस, असं सगळं त्यांनी स्वतःच्या बोटानं पुसलं. गॅलरीतून पूर्वी उडवलेलं पुष्कळसं अजून तिथल्या कचरापेटीतच होतं, तेही गेलं. पट्ट्या जागच्या जागी राहिल्या. मीडिया आपोआप डाउनलोड होणं बंद केलं आणि काम संपलं. त्यात माझं कौशल्य कुठं होतं, असं कुणी विचारलं तर दाखवायला काही नाही. काय पुसायचं नाही हे त्यांना माहीत होतं, कुठं बघायचं हे मला.

जागा असूनही फोन अडखळत असेल, तर तो सेफ मोडमध्ये चालू करायचा. त्यात नंतर टाकलेली ॲप्स झोपलेली राहतात. फोन सुरळीत पळाला, तर दोष त्यांच्यातल्याच एखाद्याचा. गंमत अशी, की त्यात पुष्कळदा फोन वेगवान करून देतो म्हणणारं ‘बूस्टर’ किंवा ‘क्लीनर’ही निघतं. मागं थांबलेली ॲप्स ते सारखी बंद करत राहतं. ती पुन्हा उघडताना फोनला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. रॅम कुणाला किती द्यायची हे अँड्रॉइड स्वतः बघतो, त्याला असा मुकादम लागत नाही.

मग बॅटरी. फोन तीस टक्क्यांवरून एकदम बंद पडतो का, पाठीमागचं कव्हर वर आलंय का, हे बघायचं. जुन्या बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो. जास्त करंट मागितला की तिचं व्होल्टेज खाली बसतं. विहिरीवरची मोटर कमी व्होल्टेजवर चालवून पाहिलेल्या माणसाला हे पटकन पटतं. नवी आवृत्ती प्रोसेसरकडून जास्त काम घेते आणि झाकलेला अशक्तपणा उघडा पडतो.

कंपनी मुद्दाम फोन स्लो करते, असं गिऱ्हाईक म्हणतं तेव्हा मी हसत नाही. ॲपलनं डिसेंबर २०१७ मध्ये कबूल केलं, की थकलेल्या बॅटरीचे काही आयफोन अचानक बंद पडू नयेत म्हणून त्याच वर्षी आलेल्या आयओएस १०.२.१ पासून त्यांचा वेग गरजेप्रमाणं आवरला जात होता. कारण तांत्रिकदृष्ट्या खरं होतं, पण वापरणाऱ्याला ते नीट सांगितलेलं नव्हतं. कंपनीनं माफी मागितली, अमेरिकेत बॅटरी बदलायचा दर ७९ डॉलरवरून २९ वर आणला आणि २०१८ मध्ये आयओएस ११.३ मधून बॅटरीची स्थिती सेटिंगमध्ये दाखवायला सुरुवात केली. लोकांना न सांगितल्याबद्दल फ्रान्सनं २०२० मध्ये अडीच कोटी युरो दंड घेतला. त्याआधी २०१८ मध्ये इटलीनं ॲपलबरोबर सॅमसंगलाही दंड केला होता. नोट ४ ला नीट न पेलणारा नवा अँड्रॉइड घ्यायला लोकांना भरीला घातलं, हा सॅमसंगवरचा ठपका. म्हणजे संशय अगदीच हवेतला नव्हे. फक्त तो सरसकट प्रत्येक फोनला लावता येत नाही.

“मग जुनंच सॉफ्टवेअर मारून द्या की!” ही पुढची मागणी. अनेक फोन मागं जाऊच देत नाहीत. गेलेच तर डेटा जातो, फोन चालू करणाऱ्या बूटलोडरचं कुलूप उघडं राहिलं तर बँकेची ॲप्स अडून बसू शकतात आणि सुरक्षेच्या दुरुस्त्याही मागं पडतात. ज्या फोनवर यूपीआय चालतं, त्यावर हा खेळ मी करत नाही. दोन जीबी रॅमच्या काही फोनना नवी आवृत्ती खरंच जड जाते. तिथं ॲप्स कमी करा, याहून जास्त कुणी काही करू शकत नाही, आणि तसं तोंडावर सांगावं लागतं.

उरतो तो फॉरमॅट. फोन मोकळा होऊन पळतो, गिऱ्हाईक खूश होतं. पण अँड्रॉइड ५.१ पासून, बटणं दाबून बाहेरून फॉरमॅट मारला, की चालू होताना फोन आधीच्या गुगल खात्याचा पासवर्ड मागतो. तो आयडी मुळात फोन विकणाऱ्या दुकानातल्या पोरानं काढून दिलेला असतो आणि पासवर्ड कुणालाच आठवत नसतो. म्हणून पासवर्ड चालतो का, बॅकअप उघडतो का, हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी फॉरमॅटला हात घालत नाही.

एक युक्ती मात्र जादू वाटावी अशी आहे. बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारली की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात. तिथली ॲनिमेशनची तिन्ही मापं अर्ध्यावर आणायची. प्रोसेसर होता तसाच राहतो, नुसता स्क्रीन उघडण्या-मिटण्याचा देखावा अर्ध्या वेळात उरकतो. एवढ्यावर ‘स्पीड वाढवून दिला’ म्हणत पैसे घेता येतात. मीही ही सेटिंग करून देतो, पण काय केलं ते सांगून, आणि तिचे पैसे लावत नाही.

पैसे मी तपासणीचे घेतो, शेवटी “काही करू नका, घरी जा” एवढंच सांगायचं असलं तरी. त्यावरून काउंटरवर वाद होतात आणि मी ते होऊ देतो. केलेल्या कामाचेच पैसे मिळत असतील, तर दुरुस्तीवाल्याला प्रत्येक फोनमध्ये काम सापडायला लागतं, आणि स्लो फोनमध्ये सापडणारं सगळ्यात सोपं काम म्हणजे फॉरमॅट. म्हणून दुकानातल्या दरपत्रकावर ‘तपासणी’ पहिल्या ओळीत लिहिली आहे. तपासताना स्क्रीन गिऱ्हाइकाच्या बाजूला असते.