फणसाडच्या रानात तात्यांचा प्रश्न

गेल्या जानेवारीत आमच्या वस्तीतील पाच कुटुंबे मिळून आम्ही फणसाड अभयारण्य पाहून आलो. मुरुडच्या किनाऱ्यालगतचे हे डोंगरी रान, एके काळी जंजिऱ्याच्या नबाबाचे शिकारीचे रान. १९८६ साली ते अभयारण्य झाले. आदल्या दिवशी शिडाच्या होडीने जंजिरा किल्ला पाहिला होता. त्याविषयी सर्वांनीच लिहिले आहे, आम्ही वेगळे काय लिहिणार?

सकाळी सुपेगावहून पायवाट धरली. मुलांना बिबट्या हवा होता, दिसले शेकरू. आपल्या महाराष्ट्राचा हा राज्यप्राणी. झुपकेदार शेपटीचे हे जनावर जमिनीवर क्वचितच उतरते. मुले ओरडली आणि ते पसार झाले. (वाटेत चिवड्याच्या पिशव्या टाकणाऱ्या मोठ्यांना मात्र कोणी ओरडले नाही!)

पुढे वाटाड्या मुलाने गिधाडांची गोष्ट काढली. गुराढोरांना दुखण्यावर डायक्लोफिनॅक औषध टोचत. असे ढोर मेले की त्याचे मांस खाऊन गिधाडांचे मूत्रपिंड निकामी होई. गिधाडे झपाट्याने संपत गेली. २००६ साली गुरांसाठी या औषधावर बंदी आली. पण गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते, मग भरून कसे यावे? म्हणून या रानात मेलेली ढोरे आणून त्यांच्यासाठी ठेवण्याचा उपक्रम झाला.

“ओढतं कोण?” तात्यांनी मध्येच विचारले.

तात्या आमच्यात वडीलधारे, ऐंशीच्या घरातले, माणगावकडचे. त्यांचे आजोबा गावची मेलेली ढोरे ओढत. मजुरी नाही, वर शिव्या. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृतमांस सोडण्यास सांगितले. आजोबा ते ऐकून घरी आले आणि ढोरे ओढण्याचा दोर चुलीत घातला. पुढे गावाने त्यांचे दळण, वाणसामान बंद केले.

“टेम्पोतून आणतात, काका.”

“टेम्पोत चढवतं कोण?”

आमच्यातील दोघे तरुण चुळबुळले. सहलीत हे कशाला, असे त्यांचे म्हणणे. आम्हाला तसे वाटले नाही.

“मीसुद्धा चढवलंय,” तो मुलगा म्हणाला. “रोज मिळतो. हातमोजे देतात.”

“रोज मिळतो ना? आणि नको म्हटलं तर?”

“तर दुसरा जातो.”

तात्यांनी मान हलवली आणि काठी टेकत पुढे निघाले.

“आई, तात्या असं का विचारत होते?” एका मुलाने विचारले. त्याची आई तिथेच दगडावर बसली आणि त्याला महाड सांगू लागली. बाकीची मुलेही जमली. आम्ही पाणी पीत थांबलो.

गिधाड त्या दिवशी दिसले नाही.