तिसरा 'टक्'

डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर क्लच दाबणं जमेना, म्हणून मुलाने त्याची जुनी ऑटोमॅटिक गाडी मला दिली. गेल्या पावसाळ्यात सावंतवाडीहून परत येताना आंबोली घाटात इंजिन नुसतं ओरडू लागलं, गाडी काही ओढेना. कसाबसा गडहिंग्लजला पोहोचलो. सकाळी पाहतो तर गाडीखाली लाल तेलाचं थारोळं. एका मोठ्या सर्व्हिस सेंटरने सांगितलं, पूर्ण गिअर बॉक्स बदलावा लागेल. आकडा पेन्शनच्या आवाक्याबाहेरचा होता.

शेवटी संकेश्वर रोडवरच्या एका गॅरेजमध्ये गेलो. इतकी वर्षं तिथे जायचं मी टाळत होतो, कारण तो मेस्त्री माझा विद्यार्थी. नववीत मी त्याला मराठीत चार गुणांसाठी नापास केलं होतं. त्यानंतर तो शाळेत आलाच नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात कामाला लागला, असं कानावर आलं होतं.

"या सर, बसा," म्हणत त्याने खुर्ची पुसून दिली. तेल बोटावर घेऊन वास घेतला. "रंग लाल हाय, जळका वास न्हाई. इंजिनचं असतं तर काळं आलं असतं. हे गिअर बॉक्सचं. म्होरलं सील गेलंय, तेल कमी पडलं म्हणून गाडी ओढंना. आख्खा बॉक्स कशाला बदलायचा?"

मी बी.ए.वाला माणूस. विचारलं, "क्लच नाही, मग इंजिनची ताकद चाकाला जाते कशी?" त्याने समजावलं ते असं. दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवा, एकच चालू करा, वाऱ्याने दुसराही फिरायला लागतो. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये वाऱ्याच्या जागी तेल असतं. एक पंखा इंजिन फिरवतं, दुसरा गिअर बॉक्सला जोडलेला. मधे तिसरं छोटं चक्र असतं, स्टेटर. ते परत येणारं तेल योग्य दिशेला वळवतं, त्यामुळे गाडी उचलताना जोर जवळजवळ दुप्पट होतो. घरी येऊन वाचलं तर ही युक्ती हेरमान फ्योटिंगर या जर्मन इंजिनिअरची निघाली, 1905 च्या पेटंटमधली, आणि तीही जहाजांसाठी केलेली!

दुसऱ्या दिवशी गिअर बॉक्स उतरवला. आधी स्टार्टर काढून त्या जागेतून इंजिन हाताने थोडं थोडं फिरवत कन्व्हर्टरचे बोल्ट एकेक करून सोडवले. बॉक्स खाली घेताना कन्व्हर्टर निसटू नये म्हणून त्याला पट्टी बांधली. बाहेर काढण्यापूर्वी कडेवर सरळ पट्टी आडवी धरून तो किती आत बसलाय ते मोजलं आणि आकडा खडूने भिंतीवर लिहिला. सील बदललं, त्याला तेलाचं बोट लावलं, कन्व्हर्टरमध्ये थोडं नवं तेल ओतलं.

बसवायचं काम हाताखालच्या पोराकडे होतं. त्याने कन्व्हर्टर दांड्यावर सरकवला, 'टक्' आवाज आला. फिरवत आत दाबला, पुन्हा 'टक्'. पोरगं म्हणालं, "बसलं. आता बॉक्स लावून बोल्ट आवळू या."

"थांब. तिसरा टक् कुठाय?"

त्याने पट्टी लावली. भिंतीवरच्या आकड्याला थोडं कमी होतं. मग मला म्हणाला, "सर, तीन ठिकाणी जुळावं लागतंय. टर्बाइनचे दाते, स्टेटरचे दाते, आन् शेवटी तेलाच्या पंपाच्या खाचा. ही खाच जुळली न्हाई आन् बोल्टांनी वढून बसवलं, तर बोल्ट बसत्यात, पर पंप फुटतोय. बाहेरनं काय बी दिसत न्हाई." आणि पोराला म्हणाला, "जोर करू नगंस. फिरवत ऱ्हा, आपोआप बसंल."

पाचेक मिनिटं पोरगं फिरवत राहिलं. मग तिसरा 'टक्' ऐकू आला. पट्टीवर आकडा तंतोतंत जुळला. बॉक्स इंजिनला हातानेच चिकटला, कन्व्हर्टर मोकळा फिरत होता, मगच पान्हा हातात घेतला.

मी खुर्चीत बसून होतो. चाळीस मुलांच्या वर्गात अभ्यासक्रम वेळेत संपवायचा म्हणून मी किती बोल्ट आवळले असतील! दोन टक् ऐकून "समजलं ना?" म्हणायचो आणि पुढच्या धड्याला लागायचो. आत काय फुटलं ते बाहेरून दिसलंच नाही.

धीर करून विचारलं, "माझा राग आला होता का रे?"

कापडाला हात पुसत तो म्हणाला, "आला होता की, सर. दोन वर्सं शाळेच्या रस्त्यानं गेलो न्हाई."

"आता?" असं विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं, पण विचारलं नाही. त्यानेही आपणहून काही सांगितलं नाही.

बिल वहीच्या कागदावर होतं. 'कनवरटर सिल बदली', 'तेल', 'मजूरी'. तीन ओळींत तीन चुका. सवयीने हात खिशातल्या पेनाकडे गेला. पैसे मोजून दिले आणि कागद घडी करून ठेवला.

गाडी आता आंबोली घाट आरामात चढते. तो कागद अजून माझ्याकडे आहे. असो.