१७ नंबर कुणाचा?

पिन म्हटलं की माझ्या पिढीच्या बाईला दोनच गोष्टी आठवतात. एक पदराला लावायची, आणि दुसरा पत्त्याखाली लिहायचा पिनकोड, आमच्या लोणावळ्याचा ४१०४०१. या पावसाळ्यात मात्र तिसऱ्याच जातीच्या पिनेशी गाठ पडली. मी मराठीची बाई, बी.ए.सुद्धा मराठी माध्यमातून, आयुष्य गेलं ते समास सोडवण्यात आणि वह्या तपासण्यात. तेव्हा इथे काही चुकीचं तांत्रिक आढळलं तर जाणकारांनी जरूर कान धरावा. पण जे समजलं ते नातवाबरोबर बसून, एकेक गोष्ट पडताळून समजलं आहे.

नातू नववीत आहे, तळेगावला राहतो. गेल्या वर्षी माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा त्याने माझ्यासाठी एक गाडी बनवली. चार चाकं, दोन मोटारी, वर चपातीच्या जुन्या डब्याचं झाकण. मोबाइलवर बटण दाबलं की ती हॉलमधून माझ्या खोलीत चष्मा आणि औषधांची डबी घेऊन येते. मधल्या उंबऱ्यावर फळी टाकलीय. तिच्या पोटात एक छोटा संगणक आहे, रास्पबेरी पाय नावाचा, पत्त्याच्या पानाएवढा. पहिला बोर्ड २९ फेब्रुवारी २०१२ ला विक्रीला आला, म्हणजे हे यंत्र आमच्या नातवाच्याच पिढीचं. बोर्डाच्या कडेला दोन रांगांत ४० पिना असतात (पहिल्या बोर्डांवर २६ होत्या, २०१४ पासून ४० झाल्या). या पिनांमधून मोटारींना 'चल', 'थांब' असे निरोप जातात.

जुलैत शनिवार-रविवारी तो इकडे आला होता. बाहेर नेहमीचा लोणावळ्याचा पाऊस, घरात कोंडलेला मुलगा. त्याने गाडीवरच्या सॉफ्टवेअरचे सगळे अपडेट एकदम घेतले. ते कार्ड मूळचं मावसभावाचं, २०२३ नंतर कुणी अपडेटच केलं नव्हतं. अपडेट झाले, बोर्ड पुन्हा चालू झाला, आणि गाडी जागची हलेना.

"आजी, माझ्याकडूनच काहीतरी जळलं," म्हणाला. जावयांनी फोनवर सांगितलं, नवा बोर्ड मागवू. पण हा म्हणे, नको, आणि शाळेच्या विज्ञान प्रदर्शनातही आता मी नाव देणार नाही.

खरं सांगते, मला गाडीची काळजी नव्हती. चष्मा मी उठून घेऊ शकते. काळजी होती ती त्या वाक्याची. चौतीस वर्षं शिकवताना मी पाहिलंय, अशाच एखाद्या संध्याकाळी मूल मनाशी ठरवून टाकतं की 'हे आपल्याला जमणारं नाही'. कुणाचं गणित असं सुटतं, कुणाचं इंग्रजी, कुणाचं गाणं. आणि पुष्कळदा चूक त्याची नसतेच. कुठेतरी काहीतरी बदललेलं असतं आणि त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

तोवर तो वायरी उपसून दुसरीकडे खोचायला लागला होता. त्याला म्हटलं, आधी गाडी बंद कर, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. हा शाळेतला नियम इथेही उपयोगी पडला, कारण नंतर कळलं की या बोर्डाच्या निरोपाच्या पिना फक्त ३.३ व्होल्ट सोसतात आणि त्याच रांगेत ५ व्होल्टच्याही दोन पिना आहेत. घाईत वायर तिकडे लागली तर मात्र खरंच जळतं.

मग म्हटलं, पडद्यावर काय आलंय ते मोठ्याने वाच. "इनव्हॅलिड आर्ग्युमेंट." मी म्हटलं, अवैध वाद? तो हसला, त्या दिवशी पहिल्यांदा. आर्ग्युमेंट म्हणजे आज्ञेबरोबर दिलेली माहिती, असं त्याने मला समजावलं. त्याच्या प्रोग्रॅमने सांगितलं होतं, '१७ नंबरची पिन उघड'. यंत्र म्हणत होतं, असा नंबर माझ्याकडे नाही.

पिन जळली असेल का, हे आधी पाहिलं. त्या पिनेची मोटारीची वायर काढून तिथे एक छोटा एलईडी दिवा लावला, मध्ये ३३० ओहमचा रोध. पायथन भाषेतली जीपीआयओझिरो नावाची एक लायब्ररी आहे, तिच्यातून त्याने १७ नंबरला 'लाग' म्हटलं. दिवा लागला! म्हणजे पिन जिवंत होती, बोर्ड ठीक होता, काहीही जळलेलं नव्हतं. पोराचा चेहराच बदलला. आता प्रश्न उरला तो असा, की एका दाराने १७ सापडते, मग दुसऱ्या दाराने का नाही?

याचं उत्तर मला हजेरीपटामुळे कळलं. शाळेत एकाच मुलाला अनेक नंबर असतात. बाकावरची जागा, हजेरीचा नंबर, जनरल रजिस्टरचा नंबर, शिवाय शिकवणीत आणखी एखादा. बाक मोजता येतो. हजेरीपट दर जूनला नवा होतो आणि नंबर बदलतो. जनरल रजिस्टरचा नंबर मात्र शाळा सोडल्याच्या दाखल्यापर्यंत तोच राहतो.

त्या पिनेचंही अगदी तसंच आहे. रांगेतल्या जागेप्रमाणे ती ११ वी. चिपच्या दप्तरी तिचं नाव जीपीआयओ १७. वायरिंगपाय नावाच्या एका जुन्या लायब्ररीत तिचाच नंबर ० आहे. आणि लिनक्सचा जो गाभा आहे, ज्याला कर्नेल म्हणतात, त्याच्या हजेरीपटात तिचा चौथा नंबर. (आणि जागेप्रमाणे जी १७ वी पिन आहे ती तर ३.३ व्होल्टच्या पुरवठ्याची, तिचा निरोपाशी संबंधच नाही!) पूर्वी कर्नेलच्या हजेरीपटातही या पिनेचा नंबर १७च होता. दोन नंबर योगायोगाने सारखे असले की ते एकच आहेत असं आपण धरून चालतो. मग नव्या कर्नेलने ० ते ५११ हे नंबर जुन्या, ठरवून दिलेल्या नंबरांसाठी बाजूला ठेवले आणि आपोआप होणारं वाटप ५१२ पासून सुरू केलं. रास्पबेरी पायवर हे ६.६ या कर्नेलबरोबर, मार्च २०२४ मध्ये आलं. ५१२ अधिक १७, म्हणजे ५२९. यंत्राची यादी काढून पाहिली तर तिथे स्वच्छ लिहिलं होतं: ५२९, कंसात जीपीआयओ १७.

लोणावळेकरांना हे पटकन समजेल. डिसेंबर २०१० मध्ये रेल्वेने गाड्यांचे चार आकडी नंबर पाच आकडी केले. पुण्याहून मुंबईला जाणारी डेक्कन क्वीन २१२४ होती, ती १२१२४ झाली. आमच्या फलाटावर कुणाचं काही अडलं नाही, कारण कुणी '२१२४ आली का' असं विचारतच नव्हतं. सगळे 'क्वीन आली का' विचारत, आणि ते नाव १ जून १९३० पासून तेच आहे. अडचण झाली असेल ती वहीत नुसता नंबर लिहून ठेवणाऱ्याची.

नातवाने लगेच चारही नंबर बदलले: १७, २७, २२, २३ च्या जागी ५२९, ५३९, ५३४, ५३५. गाडी चालली! उड्या मारून झाल्यावर मी विचारलं, "उद्या पुन्हा हजेरीपट बदलला तर?" तो थांबला, शोधू लागला. २०२३ मध्ये आलेल्या रास्पबेरी पाय ५ वर या पिना आरपी१ नावाच्या वेगळ्या चिपच्या ताब्यात आहेत, चिप बदलली तरी पिनेचं नाव मात्र जीपीआयओ १७च. मग त्याने प्रोग्रॅम पुन्हा लिहिला, कर्नेलच्या नंबराने नाही, पिनेच्या नावाने. दोन तास गेले. जेवायला उशीर झाला, पण मी काही बोलले नाही.

यात दोष कुणाचा? कुणाचाच नाही. नंबराने पिन उघडायची ती पद्धत लिनक्सवाल्यांनी २०१६ मध्येच, ४.८ या आवृत्तीबरोबर, कालबाह्य म्हणून जाहीर केली होती आणि नवी दिली होती. सूचना लावलेली होती. चौदा वर्षांच्या मुलाने ती वाचलेली नसणार हेही साहजिक आहे. तो जुना, चालणारा प्रोग्रॅम विश्वासाने वापरत होता.

घरात कुणी असे प्रयोग करत असेल तर आम्ही केलं तेवढं सांगते. अपडेटच्या आधी कार्डाची एक प्रत काढून ठेवा. बिघडलं तर वायरींना हात लावण्यापूर्वी वीज बंद करा. चुकीचा संदेश पूर्ण वाचा. दिवा लावून पिन तपासा, म्हणजे दोष वायरीत की प्रोग्रॅममध्ये हे कळतं. आणि नंबर लिहिताना तो कुठल्या यादीतला आहे तेही लिहा. नातवाने आता गाडीच्या पोटाखाली एक कागद चिकटवलाय: जागा ११, नाव जीपीआयओ १७, डावी मोटार. खाली बाकीच्या तिघी.

प्रदर्शनात त्याने नाव दिलंय. तक्त्याला शीर्षक काय द्यावं म्हणून मला विचारत होता. मी म्हटलं, तुझं तू ठरव, पण अपडेटनंतर गाडी का थांबली होती तेही तक्त्यावर लिही. चालणारी गाडी सगळेच मांडतील. थांबलेली गाडी कशी शोधून काढली, ते वाचून कदाचित दुसऱ्या एखाद्या पोराची संध्याकाळ वाचेल.

असो. चष्मा मागवलाय, येतोय.