आधी तोल, मग पायडल

सायकल शिकवायची आपल्याकडची रीत ठरलेली आहे. मागून सीट धरायची, ‘मी धरलंय, तू पायडल मार’ म्हणत सोबत पळायचं आणि पोराच्या नकळत हात काढून घ्यायचा. पोरगं थोडं पुढे जातं, मागे वळून पाहतं, कोणी धरलेलं नाही हे कळतं आणि तिथेच पडतं. माझ्या भाचीला शिकवताना मला हे करायचं नव्हतं. सहा वर्षांच्या मुलीला ‘धरलंय’ म्हटलं, तर ते धरलेलंच असलं पाहिजे.

मी शारीरिक शिक्षणाची शिक्षिका. शिकले अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात. वैद्य बंधूंनी 1914 साली सुरू केलेली ही संस्था. 1936 मध्ये इथलं पथक बर्लिनच्या ऑलिम्पिकला जाऊन आपल्या खेळांची प्रात्यक्षिकं दाखवून आलं. तिथे नवख्या मुलाला मल्लखांबावर चढवताना आमचे सर सांगायचे, हात अंगाजवळ ठेवा, अंगाला लावू नका. आणि लावलेला हात काढायचा असेल तर आधी त्याला सांगा. हे माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं आहे.

भाची अकोल्याची. घर दुसऱ्या मजल्यावर, खाली दिवसभर वाहनं. तिची सोळा इंची सायकल इमारतीच्या पार्किंगमध्ये, मागच्या चाकाला दोन्हीकडून लावलेल्या छोट्या चाकांवर, गोल गोल फिरायची. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती माझ्याकडे अमरावतीला आली, तेव्हा सायकलही गाडीच्या डिकीत घालून आणली. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे बाकी महाराष्ट्राच्या नंतर, जूनच्या शेवटाकडे उघडतात. त्यामुळे हाताशी वेळ भरपूर होता.

आधी मी ती साइडची चाकं काढून टाकली. त्यांच्यामुळे मूल पायडल मारायला शिकतं, तोल सांभाळायला नाही. सायकल डावीकडे कलली की हँडल किंचित डावीकडेच वळवायचं असतं. मग चाकं पुन्हा अंगाखाली येतात आणि सायकल सावरते. सायकल चालवणं म्हणजे हे सावरणं, क्षणाक्षणाला चाललेलं. साइडची चाकं सायकलला कलूच देत नाहीत, त्यामुळे मुलाला ते करून पाहायची संधीच मिळत नाही. उलट वळणावर अंग बाहेर टाकायची सवय लागते, आणि पुढे तीच मोडावी लागते.

मग पायडलही काढायला नेले. आमच्या चौकातले सायकलवाले भाऊ माझ्याकडे पाहतच राहिले. “मॅडम, पायडल काढल्यावर पोरगी सायकल चालवन कशी?” मी म्हटलं, तुम्ही काढा तर. घरी करून पाहणाऱ्यांसाठी सांगते : पंधरा नंबरचा पाना लागतो, आणि डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. नेहमीच्या दिशेने जोर लावला तर ते सुटायच्या ऐवजी आणखी आवळतं. सीट एवढी खाली घेतली की बसल्यावर दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकावेत.

जागा मिळाली कठोरा रोडच्या पलीकडच्या एका ले-आऊटमध्ये. प्लॉट पाडलेले, रस्ते झालेले, घरं अजून उभी राहायची होती. एक रस्ता नाल्याकडे हलकासा उतरत जाणारा, असा मी निवडला. मे महिन्यात वऱ्हाडात साडेसातनंतर उभं राहवत नाही, म्हणून आम्ही उजाडतानाच निघायचो. डोक्याला हेल्मेट, गुडघ्यांना पॅड. एकच वैरी होता, सराटे. रस्त्याच्या कडेला वाळलेले सराटे पडलेले असतात, आणि लहान सायकलच्या पातळ टायरमधून ते सरळ ट्यूबपर्यंत जातात. कड सोडून मधून चालायचं, हा तिचा पहिला धडा.

सुरुवातीला ती सीटवर बसून नुसती चालत गेली. मग लांब ढांगा टाकायला लागली. उतारावर दोन ढांगांच्या मधे पाय जरा वेळ हवेत राहायला लागले.

“मावशी, सोडजो नोको हं!” ती ओरडली.

“मी धरलंच नाही, बाई. तुझेच पाय आहेत ना खाली?”

तिने खाली पाहिलं. पाय खरंच तिचेच होते, टेकवायचे की उचलायचे ते तिच्याच हातात होतं. मी बाजूने नुसती पळत होते. त्यानंतर ‘सोडू नको’ हे वाक्य तिने पुन्हा काढलं नाही. काही सकाळींनंतर ती वरून निघाली आणि नाल्याजवळच्या विजेच्या खांबापर्यंत पाय न टेकवता गेली. उतरून सायकल आपणच ढकलत वर आली, परत जायला.

ही काही माझी युक्ती नाही. जर्मनीतल्या कार्ल फॉन ड्राइस याने 1817 मध्ये जी पहिली दुचाकी बनवली, तिला पायडल नव्हतेच. माणूस वर बसून पायांनी जमीन ढकलत जायचा. पायडल आले त्यानंतर काही दशकांनी. आणि मूर्तिजापूरजवळच्या आमच्या गावात तरी आम्ही वेगळं काय करत होतो? बाबांची चोवीस इंची सायकल, सीटपर्यंत पोहोचायचा प्रश्नच नव्हता. डावा पाय पायडलवर ठेवायचा, उजव्याने जमीन रेटत जायचं. ते जमलं की दांडीखालून पाय घालून हाफ कैची, मग फुल कैची, आणि मग कधीतरी दांडीवर. परकर सावरत आम्ही मुलीही अशाच शिकलो. कैचीच्या त्या शाळेत तोल पहिला होता, पायडल नंतर. मुलांच्या मापाच्या सायकली आल्या हे फार चांगलं झालं, पण त्यांच्यासोबत हा क्रम उलटा झाला.

लवकर शिकवायचा माझा आग्रह शाळेमुळे आहे. मानव विकास कार्यक्रमातून आठवीपासूनच्या मुलींना शाळेत यायला सायकली मिळतात. नवी कोरी सायकल हातात धरून उभी असलेली, पण कधीच सायकलवर न बसलेली मुलगी मी पाहिलेली आहे. घरातली सायकल नेहमी भावाकडे राहिलेली. तेराव्या वर्षी पडायची भीती कमी असते, लोक पाहतील याची जास्त. अशा मुलींना मी शाळा सुटल्यावर, मैदान रिकामं झालं की शिकवते. त्यांच्याही सायकलींचे पायडल आधी काढते. त्या शिकतात, पण सहाव्या वर्षी जे हसत झालं असतं ते त्यांना ओठ चावत करावं लागतं. मला ते बघवत नाही.

भाचीच्या सायकलला पायडल परत लावले त्या दिवशी शिकवायला फारसं उरलंच नव्हतं. ती नेहमीसारखी उतारावरून निघाली, पाय पायडलवर ठेवले आणि फिरवले. वेळ लागला तो ब्रेकला. घाबरली की ती पुढचा ब्रेक करकचून दाबायची. दोन्ही ब्रेक सोबत आणि हळू, हे मी तिच्याकडून खडूच्या रेघेवर थांबवून थांबवून पक्कं करून घेतलं.

आता ती अकोल्यात आहे. रविवारी सकाळी तिचे बाबा तिला कृषी विद्यापीठाच्या बाजूला नेतात. तिला खरं तर इमारतीच्या फाटकाबाहेर जायचं आहे. त्यासाठी एका हाताने सायकल चालवत दुसऱ्या हाताने वळायची खूण करता आली पाहिजे, आणि मागून काय येतंय ते मान वळवून पाहताना हँडल सरळ राहिलं पाहिजे. ते दिवाळीच्या सुट्टीत शिकवणार आहे. तोवर फाटकाच्या आतच, असं तिचं नि माझं ठरलं आहे.