शिकाऱ्याची दुर्बीण

वस्तू पारखून घेणे ही एक विद्या आहे. आणि आमच्या विद्यापीठांनी ती अद्यापि अभ्यासक्रमात घातलेली नसली, तरी मध्यम स्थितीतल्या कुटुंबांत ती पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आलेली आहे. नारळ कानाशी हलवून पाहावा, तांदळाचा दाणा दातांखाली धरावा, पितळेच्या भांड्यास टिचकी मारून नाद ऐकावा, हे आमच्या आजींना कोणत्याही पुस्तकात वाचावे लागले नव्हते. परंतु दुर्बीण ही वस्तू आमच्या घरांत नवी. तिच्याविषयी आजीचा शब्द उपलब्ध नाही. दुकानदार ‘किती लांबचे दिसते’ एवढेच सांगतो, आणि गिऱ्हाईकही तेवढेच विचारते. अशा वेळी ज्याने ती वस्तू ऊनपावसात वर्षानुवर्षे वापरली असेल, त्याचा सल्ला घ्यावा हे उत्तम. दुर्बिणीच्या बाबतीत असा मनुष्य म्हणजे शिकारी होय.

शिकाऱ्याचे नाव काढताच काही वाचकांच्या कपाळास आठ्या पडतील, आणि ते योग्यच आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्या देशात शिकारीस मनाई झाली, याचा आम्हांस आनंदच वाटतो. पण इतिहास मोठा विनोदी आहे. महाराष्ट्रातील पहिले अभयारण्य म्हणून १९५८ साली जाहीर झालेले दाजीपूरचे गव्यांचे रान हे पूर्वी कोल्हापूरच्या छत्रपतींचे शिकारीचे राखीव रान होते. मुरूडजवळचे फणसाड हे जंजिऱ्याच्या नवाबांचे. राजांनी मारण्यासाठी जे राखले, ते प्रजेला पाहण्यासाठी उरले. डॉ. सलीम अली यांचा पक्षिशास्त्राशी संबंध जुळला, तोही बालपणी छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या एका पिवळ्या कंठाच्या चिमणीमुळे. ती कोणत्या जातीची, हे विचारण्यास ते मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले, आणि पुढे १९४१ साली भारतीय पक्ष्यांवरील त्यांचा सुप्रसिद्ध ग्रंथ बाहेर पडला. सारांश, बंदूक गेली; रान आणि दुर्बीण ही दोन्ही शिकाऱ्याकडून निरीक्षकाकडे वारशाने आली. मग त्या वारशाबरोबर येणारे शहाणपणच तेवढे का टाकावे?

ते शहाणपण कोणते? जर्मनीत किंवा स्कॉटलंडात, जेथे परवान्याने शिकार आजही चालते, तेथील शिकारी बंदुकीच्या आधी दुर्बीण उचलतो. समोरचे जनावर नर की मादी, पाडस की वयात आलेले, याची खात्री पटल्यावाचून त्यास चाप ओढता येत नाही. आणि हा निर्णय त्यास भर दुपारी करावयाचा नसतो. जनावर बाहेर पडते ते तांबडे फुटताना किंवा दिवेलागणीस. म्हणून दुर्बिणीस तो दोन प्रश्न विचारतो. पहिला, ‘तू मला कोणत्या वेळेपर्यंत दाखवशील?’ आणि दुसरा, ‘खडकावर आपटलीस, पावसात भिजलीस, तर उद्या दाखवशील का?’ ‘किती लांबचे’ हा प्रश्न त्याच्या यादीत बराच खाली येतो. बेताच्या पैशांत दुर्बीण घेऊ इच्छिणाऱ्याने हाच क्रम पाठ करावा, असे आमचे मत आहे. पुढील सर्व विवेचन या एका वाक्याचा विस्तार समजावा.

प्रत्येक दुर्बिणीवर ‘८ × ४२’ असे दोन आकडे कोरलेले असतात. पहिला आकडा वस्तू किती पट मोठी दिसेल हे सांगतो. दुसरा, पुढील भिंगाचा व्यास मिलिमीटरांत. दुसऱ्यास पहिल्याने भागावे. ४२ भागिले ८, म्हणजे सव्वापाच. डोळ्याकडील भिंगातून जो प्रकाशाचा झोत बाहेर पडतो, त्याची ही जाडी. मनुष्याच्या डोळ्यातील बाहुली अंधारात तरुणपणी सुमारे ७ मिलिमीटरपर्यंत विस्फारते. पन्नाशीनंतर ती बहुधा ५ च्या आसपासच थांबते. रात्री रानडुकरावर बसणारा जर्मन शिकारी ८ × ५६ ची दुर्बीण घेतो, तिचा झोत ७ मिलिमीटरांचा. ती किलोभराहून अधिक जड असते, आणि किंमतही तशीच भारी. आमच्यासारख्या पन्नाशी उलटलेल्या माणसाने ती घेतली, तर जास्तीचा प्रकाश बाहुलीच्या कडेवर सांडून वाया जाणार! वार्धक्य सहसा खर्च वाढविते. येथे मात्र ते पैसे वाचविते, ही गोष्ट नमूद करण्यासारखी आहे. उलट खिशात मावणारी १० × २५ ची दुर्बीण अडीच मिलिमीटरांचा झोत देते. दुपारी ती ठीक. पण संध्याकाळी, नेमके प्राणी दिसू लागण्याच्या वेळी, ती आंधळी होते.

पट वाढवून घेण्याचा मोह तर सर्वांत वाईट. दहापट मोठा पक्षी म्हणजे दहापट मोठा हाताचा कंपही होय. शिवाय दृष्टीचा टापू आकुंचित होतो, आणि फांदीवरून उडालेला पक्षी पुन्हा सापडत नाही. हातात धरून पाहावयाचे तर आठपट पुरे. जत्रेत व पदपथावर २० × ५०, ३० × ६० असे आकडे मिरविणाऱ्या दुर्बिणी मिळतात. गेल्या वर्षी आमचा एक विद्यार्थी अशी एक दाखवावयास घेऊन आला. मुलगा सोलापूरकडचा, वनरक्षकाच्या परीक्षेची तयारी करणारा; पहाटे वर्तमानपत्रे टाकून त्याने आठ हजार रुपये जमविले होते. विक्रेत्याने ती दोन दिवस पाहण्यास दिली होती. तो म्हणाला, “सर, वीस पट आहे म्हणतात. घेऊन टाकू का?” आम्ही ती हातभर अंतरावर आकाशाकडे धरावयास सांगितली, आणि डोळ्याकडील भिंगात दिसणाऱ्या उजेडाच्या चकतीवर शाळेतली मोजपट्टी धरली. चकती भरली सुमारे ५ मिलिमीटर. ५० भागिले ५ म्हणजे दहा, वीस नव्हेत. तो क्षणभर गप्प राहिला, आणि मग म्हणाला, “म्हणजे सर, आकडाच खोटा!” आकडा खोटा असेल तर बाकीचे किती खरे असेल, हे त्यास सांगावे लागले नाही. त्याच्या आठ हजारांमागे कितीतरी थंडीच्या पहाटा उभ्या होत्या. त्या एका खोट्या आकड्यास विकल्या जाऊ नयेत, एवढीच आमची इच्छा होती.

आता टिकाऊपणाकडे वळू. दुर्बिणीच्या पोटात लोलक असतात. ते उलटी प्रतिमा सुलटी करतात. इटलीच्या इग्नाझियो पोर्रो याने १८५४ साली या युक्तीचे स्वामित्व घेतले, आणि १८९४ साली जेना येथील झाइस कारखान्याने अशा दुर्बिणी बाजारात आणल्या. पोर्रोच्या रचनेत नळ्या खांद्याशी वळलेल्या असतात. ही रचना घडविण्यास सोपी, म्हणून थोड्या पैशांत तीच सर्वांत स्वच्छ चित्र देते. दोष एकच: बहुतेक पोर्रो दुर्बिणींत चक्र फिरविले की डोळ्याकडील भिंगे आतबाहेर सरकतात, आणि त्या वाटेने दमट हवा आत शिरते. दुसऱ्या, सरळ नळीच्या रचनेत लोलक छपराच्या आकाराचे असतात. ते घडविण्यास अधिक अचूकपणा लागतो, म्हणून स्वस्तात घेतल्यास चित्र किंचित मंद मिळते. परंतु भिंगे नळीच्या आतच सरकत असल्याने सांधे रबरी कड्यांनी बंद करून आत कोरडा नायट्रोजन वायू भरणे सुलभ जाते. अशी दुर्बीण पावसात भिजली तरी आतून धुरकटत नाही.

तेव्हा ‘कोणती चांगली?’ या प्रश्नाचे उत्तर प्रश्नकर्त्याच्या गावावर अवलंबून आहे. सोलापूरच्या कोरड्या माळावर, जेथे नान्नजला माळढोकासाठी अभयारण्य राखले आहे, तेथे हिंडणाऱ्याने पोर्रो घ्यावी. आमच्या विद्यार्थ्याने आठ हजारांत ८ × ४० ची घेतली, ती याच कारणाने. पण ज्याचे पाऊल आंबोलीत, दाजीपुरात किंवा गोव्याच्या रानात पडणार, त्याने बंद सांध्यांची सरळ नळीचीच घ्यावी. चित्र थोडे मंद असले तरी चालेल. भिंगाचा खरा शत्रू आपटणे हा नसून बुरशी हा आहे. पावसाळ्यात बंद कपाटात ती कोळ्याच्या जाळ्यासारखी काचेवर पसरते आणि काचेवरचा लेप खाऊन टाकते.

त्या लेपाविषयीही दोन शब्द. उघड्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे शेकडा ४ प्रकाश परत फेकतो. असे दहा पृष्ठभाग ओलांडताना तिसरा हिस्सा प्रकाश वाटेतच हरवतो. झाइसमधील स्माकुला याने १९३५ साली काचेवर पातळ लेप देऊन ही गळती रोखली. म्हणून दुकानात दिव्याचे प्रतिबिंब पुढील भिंगात पाहावे. ते हिरवट, जांभळट व मंद असेल तर लेप आहे. आरशासारखे पांढरे असेल तर नाही. माणकासारखी लालभडक काच पाहून भुलू नये. ती शोभा आहे, गुण नव्हे. मग चकती पाहावी: ती वाटोळी असावी, कडा चौकोनी व करड्या दिसल्या, तर लोलकाची काच हलकी. बिजागरी घट्ट पण सुरळीत हवी. दूरच्या विजेच्या तारेकडे दोन्ही डोळ्यांनी पाहावे. तार दुहेरी दिसली, किंवा डोळ्यांस ताण पडला, तर नळ्या समांतर नाहीत. अशी दुर्बीण फुकट मिळाली तरी घरी आणू नये. चष्मा वापरणाऱ्याने चष्म्यासकट पाहावे, आणि चित्राची कड पूर्ण दिसते की नाही याची खात्री करून घ्यावी.

या सर्व परीक्षांनंतर आम्ही पंधरा हजारांत, उत्तरपत्रिका तपासून साठलेल्या मानधनातून, एक ८ × ४२ घेतली. घरात त्यावर जी चर्चा झाली ती संक्षेपाने अशी. “अहो, पोपट पाहण्यास पंधरा हजार? तो तर खिडकीत फुकट येतो.” आम्ही म्हटले, “खिडकीत येतो त्याला पाहण्यास दुर्बीण नको. जो खिडकीत येत नाही त्याच्यासाठी ती आहे.” उत्तर समर्पक होते, पण त्याने ओट्याखालची गळती थांबली नाही, हेही आम्हांस ऐकावे लागले. मध्यम स्थितीच्या घरात कोणतीही वस्तू एकटी येत नाही; न आलेल्या दुसऱ्या एका वस्तूची सावली तिच्याबरोबर येते. म्हणूनच ती वस्तू एकदाच घेतलेली पुरावी लागते. टिकाऊपणा हा श्रीमंतांच्या दृष्टीने एक गुण असेल. आमच्या दृष्टीने तो किमतीचाच एक भाग आहे.

आणि टिकाऊपणाचा अर्धा हिस्सा कारखान्यात तयार होतो, अर्धा घरात. दुर्बीण कातडी पेटीत ठेवू नये. कातडे दमट हवा धरते व बुरशीस आसरा देते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी, आणि पुड्या अधूनमधून तापवून कोरड्या कराव्यात. काचेवर धूळ दिसताच धोतराच्या सोग्याने किंवा पदराने पुसण्याचा आपला राष्ट्रीय स्वभाव आवरावा. आधी फुंकणीने धूळ उडवावी, मऊ कुंचल्याने झाडावी, आणि मगच अगदी जरूर तर स्वच्छ मऊ कापड लावावे. पट्टा नेहमी गळ्यात असावा. हातातून निसटणारी वस्तू दगडावर पडण्याऐवजी छातीवर पडते.

इतके सांगूनही एक गोष्ट उरते, आणि आमच्या मते तीच मुख्य. वस्तू न वापरताही टिकते. पण त्यास टिकणे म्हणावे काय? आमच्या पाहण्यात अशा कित्येक किमती दुर्बिणी आहेत, की ज्यांस ओरखडा पडेल या धास्तीने त्यांचे धनी त्यांस कधी रानात नेतच नाहीत. कपाटात त्या निष्कलंक राहतात, आणि एखाद्या पावसाळ्यात आतून बुरसतात. शिकारी असे करीत नसे. त्याच्या दुर्बिणीचा रंग उडालेला असे, कडा झिजलेल्या असत. पण तिची भिंगे स्वच्छ आणि नळ्या समांतर असत. बेताच्या मिळकतीच्या माणसास म्हणून आमचे सांगणे एवढेच: जी पडली, भिजली तरी छातीत धस्स होणार नाही, इतक्याच किमतीची घ्यावी, पण त्या किमतीत जी संध्याकाळचा शेवटचा उजेड दाखवील, तीच घ्यावी. बाहुली दर वर्षी थोडी थोडी आकसत जाणार आहे, आणि रानेही तशीच आकसत आहेत. जे पाहावयाचे ते अजून दिसते आहे तोवर पाहून घ्यावे.