त्रैराशिक

मी चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. त्यातली निदान दहा वर्षं तरी एकट्या त्रैराशिकात गेली असतील. बारा मजूर एक भिंत नऊ दिवसांत बांधतात, तर अठरा मजूर तीच भिंत किती दिवसांत बांधतील? हे उदाहरण मी फळ्यावर इतक्या वेळा लिहिलंय, की त्या साऱ्या भिंती खरोखर उभ्या राहिल्या असत्या तर फैजपूरला तटबंदी झाली असती. चौतीस वर्षांत एकाही पोरानं विचारलं नाही, की सर, त्या अठरांतल्या एखाद्याला चुन्याचा त्रास होत असला तर? विचारलं असतं तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं. आज त्याच्या घरी जाऊन माफी मागितली असती.

झालं ते एका पोळ्याच्या आदल्या दिवशी. आमच्या घरी टिप्या नावाचा कुत्रा आहे आणि बायजा नावाची मांजर. टिप्या माझा, म्हणजे त्याला फिरवायचं काम माझं. बायजा आईची. आई चौऱ्याऐंशीची. घरात तिचं बोलणं पूर्ण ऐकून घेणारी एकमेव व्यक्ती म्हणजे बायजा. आम्ही बाकीचे मधेच उठून जातो.

त्या पावसाळ्यात टिप्याच्या कानांत गोचिडांचं अधिवेशन भरलं होतं. खरं तर फैजपूरच्या माणसानं हा शब्द जपून वापरावा. १९३६ च्या डिसेंबरात पंडित नेहरूंच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन आमच्या गावात झालं. पण टिप्याच्या कानातली उपस्थिती पाहता दुसरा शब्दच सुचत नव्हता.

सावद्याहून मेहुणा आला. तो केळीवाला. केळीवाल्या माणसाला जगातलं प्रत्येक द्रव 'पंपाला किती' या मापानं कळतं. येताना त्यानं एका जुन्या बाटलीत औषध आणलं होतं. पोळ्यासाठी गुरं धुतली, त्यातलं उरलेलं.

"पाव्हनं, म्हशीले काही होत नाही याने, कुत्र्याले काय होनार? अन् हेच तर मच्छरदाणीले लावता ना!"

या युक्तिवादात मला खोट दिसली नाही. म्हैस साडेचारशे किलो, तिला पंधरा लिटरची बादली. टिप्या पंधरा किलो. म्हणजे अर्धा लिटर. मी तोंडी हिशेब केला, मेहुण्यानं तोंड भरून कौतुक केलं, आणि मग बादलीत औषध मात्र अंदाजपंचे दाहोदरसे ओतलं. टिप्याला चोळून लावलं. दोन तासांत गोचीड पटापट गळले. अधिवेशन बरखास्त.

इथंच थांबलो असतो तर हा लेख लिहावा लागला नसता. पण बादलीत औषध उरलं होतं. उरलेलं टाकायचं नाही हे आपल्या मध्यमवर्गाचं आद्य व्रत. उरलेल्या भाताचा आपण फोडणीचा भात करतो, उरलेल्या लोकरीची कानटोपी करतो आणि उरलेल्या गोळ्या पुढच्या तापापर्यंत कपाटात जपून ठेवतो. त्यात बायजा समोरून मान खाजवत गेली. बायजा तीन किलो. म्हणजे शंभर मिलिलिटर. आई पोथी वाचत होती, तिला हाक मारायची तसदी घेतली नाही. पेला भरला, बायजाला धरलं आणि उत्तर काढून मोकळा झालो. नंतर ती सावलीत बसून अंग चाटू लागली. मला वाटलं, स्वच्छतेची आवड आहे.

दुपारी तिचे कान उडायला लागले. नातू हसला, मीही हसलो. मग पाय. तापलेल्या फरशीवरून चालावं तशी ती पाय झटकत चालू लागली. मग तोंडातून लाळ. आईनं पोथी मिटली.

"काय झालं रे माह्या बाईले? थरथरून राह्यली ना!"

"काही नाही, गारठली असेल," मी म्हणालो. बाहेर उकाड्यानं कावळे झाडाखाली बसले होते.

भाजीच्या पिशवीत बायजाला घालून मी ढोरांच्या दवाखान्यात गेलो. पोळ्याच्या आदल्या दिवशी तिथं कोण गर्दी! बैल, बैलांचे मालक, एक आडवी झालेली म्हैस आणि त्यांच्यात पिशवी घेतलेला मी. "मास्तर, भेंडी आजारी हाये का?" असं कुणीतरी विचारलंही. पण पिशवी आपोआप हलत होती, ते पाहून लोकांनीच मला पुढं सोडलं.

डॉक्टरीणबाईंनी मान वर केली आणि चटकन उभ्या राहिल्या. "सर, तुम्ही?"

माझीच विद्यार्थिनी. माणसावर प्रसंग यायचाच तर तो अनोळखी लोकांसमोर यावा.

"काय लावलं हिला?"

"गोचिडाचं औषध."

"कोणतं?"

"म्हशीचं."

"म्हशीचं कोणतं, सर? नाव? बाटली आणलीत का?"

बाटली आणली नव्हती. आणली असती तरी तिच्यावर काकवीचं लेबल होतं. मेहुण्याला फोन लावला. त्यानं गोठ्यात जाऊन मूळ डबा शोधला आणि एकेक अक्षर लावत वाचलं : डेल्टा-मेथ्रिन. बाई एका हातानं फोन धरून दुसऱ्या हातानं पाणी कोमट करायला लागल्याही होत्या.

मांजराला भांड्यांच्या साबणानं आंघोळ घालणं म्हणजे काय, हे शब्दांत सांगता येणार नाही. माझ्या मनगटावर ते लिहिलेलं आहे. कातडीवर राहिलेलं औषध आधी धुऊन काढायचं, पाणी गरम नको, नाहीतर कातडी ते आणखी आत ओढते, आणि थंडही नको, कारण अशा मांजराचं अंग लगेच गार पडतं. मग टॉवेलात गुंडाळून झटके थांबवायचं इंजेक्शन. मला चिठ्ठी देऊन औषधाच्या दुकानात पिटाळलं : मेथोकार्बामॉल, स्नायू सैल करणारं.

"पाठ धरली का मास्तर?" दुकानदारानं विचारलं. हे औषध माणसांच्या पाठदुखीत देतात म्हणे.

"माझी नाही. मांजराची."

त्यानं चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली आणि जास्त काही न विचारता औषध दिलं. गावात माझ्या नावाला अजून काही वजन आहे.

परत आलो तेव्हा बायजाचे झटके कमी झाले होते. मी हिशेब सांगितला. म्हैस, कुत्रा, मांजर, पंधरा लिटर, अर्धा लिटर, शंभर मिलिलिटर. बाईंनी तो शांतपणे ऐकून घेतला.

"सर, गणित सुरू करायच्या आधी सम प्रमाण की व्यस्त प्रमाण, ते ठरवा, असं तुम्हीच सांगायचात. इथं प्रमाणच नाही. मांजर म्हणजे लहान कुत्रा नव्हे."

मग त्यांनी जे सांगितलं ते मी वर्गातल्या शेवटच्या बाकावरच्या पोरासारखं ऐकलं. शेवंतीच्या कुळातल्या एका फुलात कीटकांना मारणारा अर्क सापडला, त्याची ही कारखान्यात केलेली भावंडं. आपलं आणि कुत्र्याचं यकृत ती झटपट मोडून बाहेर टाकतं. मांजराच्या यकृताला ती युक्ती नीट साधत नाही, त्यामुळे औषध अंगात साचतं आणि नसा बेफाम होतात. मेहुण्यानं ओतलं ते जास्तच होतं, पण कमी असतं तरी ते मांजराला लावायचं नव्हतं. आपल्या तापावरची पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेते. मला आमचं कपाट आठवलं.

"बरं, कुत्रा तरी कुत्र्यासारखा असतो का?" मी हरलेल्या सेनापतीसारखं विचारलं.

तोही नसतो. आयव्हरमेक्टिन नावाचं जंतांचं आणि खरजेचं औषध आहे. ते शोधणाऱ्यांना २०१५ साली नोबेल मिळालं. कोट्यवधी जनावरांना आणि माणसांना त्यानं वाचवलं. पण कोली जातीच्या पुष्कळ कुत्र्यांना तेच जास्त झालं तर थेट मेंदूत शिरतं, आणि कुत्रा बेशुद्ध पडतो. मेंदूच्या दाराशी औषधाला अडवणारा जो पहारेकरी असतो, तोच त्यांच्यात जन्मतः गैरहजर. हा दोष २००१ साली सापडला. त्याआधी इंग्रजी मुलखातले पशुवैद्य एवढंच म्हणायचे, की पाय पांढरे दिसले तर औषध नको. टिप्याचे पुढचे दोन्ही पाय पांढरे आहेत. तो कोली नाही, त्याची आई सावद्याच्या बसस्टँडवरची. तरी घरी जाऊन मी ते नीट पाहिले.

आणि गिधाडं! लहानपणी गावाबाहेर मेलेलं ढोर टाकलं की आकाशातून ती उतरायची. पुढं दिसेनाशी झाली तेव्हा आम्हाला वाटलं, सातपुड्यात गेली असतील. कुठली जातात? ढोरांना दुखण्यावर डायक्लोफिनॅक टोचायचे, ढोराला आराम पडायचा. तरीही मेलंच तर ते खाणाऱ्या गिधाडाचं मूत्रपिंड निकामी व्हायचं. हे २००४ साली उघड झालं. २००६ साली जनावरांसाठी ते औषध आपल्या देशात बंद केलं, तोवर पांढऱ्या पाठीची गिधाडं शंभरातलं एकही धड उरलं नव्हतं. गाय, बैल, म्हैस सगळ्यांना चाललेलं औषध. मेहुणा असता तर म्हणाला असता, "म्हशीले काही झालं नाही, गिधाडाले काय होनार?" मेहुण्याला कशाला नावं ठेवू, मीही तेच म्हटलं असतं, वर वजनं लिहून दिली असती.

"रात्र निघाली तर वाचेल," बाई म्हणाल्या. "ऊब द्या. झटके वाढले तर कितीही वाजता फोन करा, सर."

त्या रात्री सौभाग्यवती दुसऱ्या दिवसाच्या मांड्यांसाठी पुरण वाटत होती. एरवी बायजा पाट्याशेजारी बसून देखरेख करते. आज ती आईच्या मांडीवर, जुन्या लुगड्यात, अधूनमधून थरथरत. आई तिच्याशी बोलत होती. १९६० सालचा पोळा, कुणाच्या बैलाचं शिंग मोडलं, कुणाची सून रुसली. मी प्रथमच उठून न जाता सगळं ऐकलं. घड्याळात तीन वाजले. मला राहवलं नाही.

"आई, ते... औषध मीच लावलं होतं."

"माहीत हाये मले," आई म्हणाली. "दुपारीच वास आला." बायजाच्या कपाळावरून तिचा हात फिरत राहिला. बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, "ते कोनत्या बादलीत कालवलं व्हतं?"

"निळ्या."

"ते माही आंघोळीची बादली हाये."

मी रात्री तीन वाजता अंगणात बादली घासायला बसलो. सहा वेळा घासली, आणि सकाळी दुकानं उघडताच नवी आणली.

पोळ्याच्या संध्याकाळी बायजानं दोन चमचे दूध घेतलं. तिसऱ्या दिवशी मांड्याचा तुकडा खाल्ला आणि टिप्याच्या नाकावर पंजा मारला. आता ठणठणीत आहे. आईच्या मांडीवर बसते, सौभाग्यवतीच्या बसते, परवा तर मेहुणा आला त्याच्याही बसली. मी हातात रिकामा पेला जरी घेतला, तरी कपाटावर चढते.

डॉक्टरीणबाईंना फी विचारली तर म्हणाल्या, "सर, तुम्ही मला एकदा सातवीत बाकावर उभं केलं होतंत." कशाबद्दल, ते मला आठवत नाही. विचारायचा धीरही झाला नाही.