फळ्यावरचा प्रश्न

घरांत प्रश्न विचारणारें मूल असणें हें सुख कीं संकट, याचा निर्णय आम्हांस साठी उलटली तरी करतां आलेला नाहीं. सन २०२५ च्या मे महिन्यांत, २० तारखेस, प्राध्यापक जयंत विष्णु नारळीकर पुण्यांत निवर्तले. दुसऱ्या दिवशीं आम्ही माजघरांत त्यांच्याविषयींचा मजकूर मोठ्यानें वाचीत असतां आमची नात मध्येंच म्हणाली, "आजोबा, विश्व महास्फोटांतून झालें, तर त्याच्या आधीं काय होतें?" आमचे थोरले बंधु अण्णा झोपाळ्यावरूनच म्हणाले, "वेदांत सर्व सांगितलेलें आहे!" इतक्यांत वहिनींनीं पानें वाढल्याची वर्दी दिली व वाद तेथेंच थांबला, परंतु आमचें चित्त जेवणांत लागेना.

कारण हाच प्रश्न पस्तीस वर्षांपूर्वीं एका विद्यार्थ्यानें आम्हांस वर्गांत विचारला होता. तास संस्कृताचा, परीक्षा तोंडावर आलेली. "अभ्यासक्रमांत नाहीं तें विचारूं नये," असें बजावून आम्हीं त्यास उभें केलें, आणि तास संपला तरी 'बैस' म्हणण्याचें आम्हांस सुचलें नाहीं. उत्तर आम्हांस येत नव्हतें, हें खरें कारण. त्या मुलानें पुढें वर्षभर हात वर केला नाहीं.

नारळीकरांच्या घरची रीत याच्या अगदीं उलट. वडील विष्णुपंत काशीच्या हिंदु विश्वविद्यालयांत गणिताचे प्राध्यापक, मातोश्री सुमतीबाई संस्कृतज्ञ. घरांतल्या भिंतीवर मुलांसाठीं फळा लावलेला होता. त्यावर मामा एखादें अवघड कोडें लिहून ठेवीत, आणि भाचा तें सोडवीपर्यंत किंवा हार मानीपर्यंत तें तसेंच राही. हाच भाचा पुढें केंब्रिजला गेला व फ्रेड हॉईल यांच्या हाताखालीं १९६३ सालीं डॉक्टर झाला.

विषय होता विश्वाची रचना. आपल्या आकाशगंगेसारख्या असंख्य दीर्घिका परस्परांपासून दूर जात आहेत, असें हबल यांच्या १९२९ सालच्या वेधांवरून दिसून आलें. काळ उलटा मोजीत गेल्यास सर्व कांहीं एकत्र येतें. हाच महास्फोटाचा पक्ष, आणि त्या हिशेबानें विश्वाचें वय सुमारें १३८० कोटी वर्षें भरतें. हॉईल, बाँडी व गोल्ड यांनीं १९४८ सालीं दुसरा पक्ष मांडला कीं, विश्वास आरंभच नाहीं. दीर्घिका दूर सरतात तसतसें अत्यल्प प्रमाणांत नवें द्रव्य उत्पन्न होत राहतें, म्हणून विश्वाचें एकंदर रूप कायम राहतें. मग हें द्रव्य येतें कोठून? हॉईल व नारळीकर यांनीं ऋण ऊर्जेचें एक क्षेत्र कल्पून, ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम न मोडतां हें कसें घडेल, तें गणितानें मांडलें. परंतु १९६५ सालीं पेंझियास व विल्सन यांस आकाशाच्या सर्व दिशांनीं येणारें मंद प्रारण सांपडलें, आणि बहुतेक पंडित महास्फोटाकडे वळले. नारळीकर वळले नाहींत. १९९३ सालीं हॉईल व बर्बिज यांच्यासह त्यांनीं आपला पक्ष सुधारून पुन्हां मांडला. तोही बहुमतास पटला नाहीं.

आम्हांस खरें कौतुक वाटतें तें याच्या पुढचें. आपल्या शास्त्रकारांचा दंडक असा कीं, पूर्वपक्ष प्रतिपक्ष्यानेंच मान डोलवावी इतक्या चोखपणें मांडावा, मग आपला सिद्धांत सांगावा. नारळीकरांनीं विद्यार्थ्यांसाठीं लिहिलेल्या विश्वरचनाशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत महास्फोटाचा पक्ष सांगोपांग आहे, आणि इतर पक्षही आहेत. १९७२ सालीं ते स्वदेशीं परतले. १९८८ सालीं पुण्यांत 'आयुका' ही संस्था उभी केली. तेथें महिन्याच्या दुसऱ्या शनिवारीं शाळेंतल्या मुलांसाठीं व्याख्यानें होऊं लागलीं. स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांस ते म्हणत, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवा. उत्तराखालीं सही मिळेल!

त्या रात्रीं आम्हीं ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांतील नासदीय सूक्त पुन्हां काढून वाचलें. सृष्टि कोठून झाली, हें परमव्योमांतील तिचा अध्यक्ष जाणत असेल, किंवा तोही जाणत नसेल, अशा संशयावरच ऋषि थांबला आहे. सकाळीं अण्णांस हें सांगितलें. ते क्षणभर स्तब्ध राहिले व म्हणाले, "म्हणजे ऋषींनींही फळा पुसला नाहीं म्हणावयाचें!"

नातीस मात्र आम्हीं सरळ सांगितलें, "बाळ, आम्हांस ठाऊक नाहीं; अजून कोणासच निश्चित ठाऊक नाहीं." शिक्षकाच्या पेशांत उभा जन्म गेला, पण हें वाक्य आमच्या तोंडून प्रथमच निघालें. तिला राग आला नाहीं. उलट आनंदच झाला. ओसरीवर आतां एक फळा टांगला आहे व तिचा प्रश्न त्यावर लिहिलेला आहे. खडूची भुकटी सांडते म्हणून वहिनी कुरकुरतात, पण पुसावयास कोणी धजत नाहीं.

त्या जुन्या विद्यार्थ्याचा ठावठिकाणा आम्हांस ठाऊक नाहीं. हा अंक त्याच्या घरीं जात असेल, तर पस्तीस वर्षें राहून गेलेला शब्द आज म्हणतों: बैस, बाळ. प्रश्न तुझा बरोबर होता.